आठवी मुलाखत

सोनियानं तिसऱ्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि शाई वाळायच्या आत त्यावरून बोट फिरवलं. अक्षर फिसकटलं. झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसानं तिच्याकडं पाहिलं आणि न विचारताच कोरा फॉर्म पुढं सरकवला.

"तुमचा हा तिसरा," तो म्हणाला. "सगळ्यांचं त्याच रकान्यात अडतंय."

रकान्यात एवढंच विचारलं होतं: प्रकल्पासाठी एआयची मदत घेतली आहे काय, आणि असल्यास कोणत्या भागासाठी. खाली बारीक अक्षरांत नियम होता. मदत घेतली असेल तर मूळ रेकॉर्डिंग आणि स्वतःच्या हातानं उतरवलेली मुलाखत जोडायची. घेऊन लपवल्याचं आढळलं तर प्रकल्प रद्द. प्रकल्प रद्द म्हणजे वर्ष वाया. आणि जूनपासून आटपाडीच्या संस्थेत ठरलेलं कामही हातचं जाणार. शुक्रवारी पाचला मुदत संपत होती. आज बुधवार.

या नियमाचं परिपत्रक जानेवारीत आलं, तेव्हा सोनियाचं लिखाण निम्मं झालेलं होतं. एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला किमान आठ मुलाखती घ्याव्या लागत. तिनं विषय आपल्याच माणसांचा घेतला होता, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरांतल्या बायका. दिवाळीच्या सुट्टीत जतच्या आसपासची गावं पायाखाली घालून तिनं सात मुलाखती घेतल्या, वहीत उतरवल्या. आठवी बाई ऐन वेळी मेंढरांबरोबर निघून गेली. सुट्टीचा शेवटचा दिवस होता. मग सोनियानं आईलाच दारात बसवलं, शेजारच्या बनुबाईला प्रश्नांचा कागद समजावून सांगितला आणि फोन मधे ठेवला. तेवढ्यात टँकर आला. ती घागरी घेऊन पळाली. परत आली तेव्हा मुलाखत संपली होती.

पहिल्या सात मुलाखतींत तिनं एआयकडून फक्त भाषा सुधारून घेतली होती. आठवं रेकॉर्डिंग मात्र न ऐकताच त्याच्या हवाली केलं. दोन मिनिटांत स्वच्छ मजकूर हातात आला, त्यात एक 'हाय' नाही की 'न्हाई' नाही. तिनं तो तसाच प्रकल्पात घातला आणि बाईचं नाव लिहिलं, 'क्र. ८'. ती आपली आई आहे हे कुठंच लिहिलं नाही.

"लिही की नाही म्हणून," खोलीवर तिच्याबरोबर राहणारी, तिच्याच वर्गातली संयोगिता म्हणाली. "मराठीतलं काय पकडणार आहेत ते? मी तर डोळे झाकून सही केली."

सोनियानं कोरा फॉर्म घडी करून वहीत ठेवला.

गुरुवारी सकाळी ती प्रकल्पाच्या मार्गदर्शक मगदूम मॅडमच्या केबिनबाहेर उभी राहिली. प्रियदर्शनी मगदूम सांगलीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. म्हणूनच पोरं त्यांना जास्त भ्यायची.

"मॅडम, नुसती भाषा सुधारून घेतली असली तर?"

"तर तसं लिहायचं. आणि मूळ जोडायचं."

"सगळ्याचं?"

"जिथं जिथं घेतलीस तिथलं सगळं." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुलाखती तूच घेतल्यास ना, सोनिया?"

"हो, मॅडम." उत्तर जरा लवकरच आलं. मॅडमनी तिच्याकडं क्षणभर पाहिलं आणि पुन्हा समोरच्या कागदांत डोकं घातलं.

ग्रंथालयात खिडकीजवळची जागा धरून सोनियानं कानात इअरफोन घातले. सात मुलाखती वहीत होत्याच. आठवी तेवढी उतरवली की झालं, कुणाला काय कळतंय, असं मनाशी म्हणत तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं. एक्केचाळीस मिनिटांचं होतं.

सुरुवातीला तिचाच आवाज आला. "मी आलेच, तू बोल." घागरीचा आवाज, लांब जाणारी पावलं. मग बनुबाईचं खोकणं आणि आईचं हळूहळू मोकळं होत गेलेलं बोलणं. पायाला पडलेल्या भेगा, लोकर कातरायचे दिवस, परक्या शिवारातल्या शिव्या. सोनिया लिहीत गेली. आईचा शब्द जसाच्या तसा लिहिताना हात अडखळत होता. वहीतल्या सात मुलाखतींतही तिनं बोली अशी जशीच्या तशी उतरवली नव्हती.

तेविसाव्या मिनिटाला बनुबाईनं विचारलं, "आन् थोरली?"

"ती त्याच साली गेली."

सोनियानं प्रकल्पाचं पान उघडून पाहिलं. तिथं वाक्य होतं, 'त्याच वर्षी मोठी मुलगी बाहेरगावी गेली.' पुढच्या तक्त्यात त्याचा आकडाही होता. स्थलांतरित मुली: एक. तेव्हा तिला वाटलं होतं, हे बनुबाईच्या लेकीचं असणार, ती विजापूरला दिली होती. पण आवाज आईचा होता.

"दीड वर्साची व्हती," आई सांगत होती. "रहिमतपुराच्या अलीकडं तळ पडल्याला. ताप भरला. हे मेंढरांमागं, मी पाण्याला. आले तवा डोळं फिरलं व्हतं. तिथंच वढ्याच्या कडंला ठिवली."

सोनियानं 'ठिवली' लिहिलं आणि पेन तिथंच राहिलं. रहिमतपूर कॉलेजपासून तासाभरावर. संयोगिताचं गाव तेच. गेल्या गणपतीत दोघी तिथं राहून आल्या होत्या, ओढ्याच्या पुलावर उभं राहून फोटो काढले होते.

"पोरीला म्हाईत हाय?" बनुबाईनं विचारलं.

"न्हाई. तिला काय सांगू? ती थोरली म्हणूनच वाढली."

मग बनुबाईचा आवाज एकदम फोनजवळ आला.

"सुला, ह्यो फोन चालू हाय बग. पुसून टाक म्हणावं तिला."

"ऱ्हाऊ दे. माज्या तोंडानं सांगाया व्हायचं न्हाई. ऐकंल ती."

सोनियानं इअरफोन काढले. दिवाळीनंतर आईनं फोनवर विचारलं होतं, आमचं बोलणं ऐकलंस का गं? वर्गाकडं जाता जाता सोनिया म्हणाली होती, ऐकलं की, लय भारी झालंय. आईनं "बरं" म्हणून फोन ठेवला होता. संक्रांतीला पुन्हा म्हणाली, तुला काय वाटलं? सोनियानं सांगितलं होतं, चांगलं वाटलं, मॅडमनाबी आवडंल.

त्यानंतर सुलाबाईनं विचारलं नव्हतं.

तिनं उरलेली अठरा मिनिटं उतरवली. मग कोरा फॉर्म काढला आणि तिसऱ्या रकान्यात लिहायला लागली. जागा पुरली नाही तेव्हा पाठीमागं लिहिलं, आठवी बाई कोण आणि प्रश्न कुणी विचारले तेही.

संध्याकाळी मगदूम मॅडमनी तो उभ्यानंच वाचला आणि मग खाली बसल्या. पाठीमागचा मजकूर त्यांनी दोनदा वाचला.

"हे लिहिलं नसतंस तर मला कळलं नसतं."

"व्हय, मॅडम."

"आठवी बाद होईल. सातांवर प्रकल्प बसत नाही. ती नव्यानं घ्यावी लागेल, तुझी तू, आणि घरातली नको. हे मला समितीपुढं ठेवावं लागणार. मुदत देतील की नाही, मी सांगू शकत नाही."

मॅडमनी हस्तलिखिताची पानं चाळली, एका ठिकाणी थांबल्या, आणि ती पानं वेगळी काढून तिच्या हातात परत दिली.

"ही फाईलला नकोत," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन ये आधी."

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं ती सांगलीला उतरली, तिथून जतची गाडी धरली. खिडकीबाहेर ऊस संपला, द्राक्षाच्या बागा संपल्या आणि करडं रान सुरू झालं. समितीचा विचार मनात सारखा येत होता. बैठक कधी बसेल, आटपाडीच्या संस्थेला काय सांगायचं. तो बाजूला सारला की दुसरा विचार यायचा, आणि त्यापेक्षा समितीचाच बरा वाटायचा.

घरी पोचायला दुपार झाली. सुलाबाई सावलीत मटकी निवडत बसली होती.

"मधीच गं? सुट्टी हाय काय?"

"न्हाई." सोनिया उंबऱ्यावर टेकली. पिशवी खांद्यालाच होती. "आये, मी काल ऐकलं."

सुलाबाईचा हात सुपात थांबला. "काल?"

"व्हय. आदी ऐकलं म्हणाले ते खोटं व्हतं. काल ऐकलं."

सुलाबाईनं खाली बघत मटकीतला एक खडा काढला आणि अंगणात टाकला. आणखी एक काढला. मग सूप बाजूला सारून शेजारी जागा केली.

"लय हसायची," ती म्हणाली. "उगंच. काय कारन नसताना."