शेवंतीच्या अंड्यांचा कौल

ठाकुर्लीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेशनपलीकडे घरोघर टीव्ही आले होते; इथे मात्र सगळे शेवंतीच्या कोंबडीच्या टोपलीकडे डोळे लावून उभे होते. काळुराम भगत घुमत होता.

"हू... हू... आई बोलते! जिची कूस हिरवी, तिचं अंडं फुटंल! जिची कूस करपली, तिचं अंडं मुकं राहील!"

शेवंतीच्या लग्नाला वर्षं लोटली, पाळणा हलला नव्हता. शेजारची गोदाही त्याच आशेवर. तीन आठवड्यांपूर्वी भगताने दोघींना कौल लावला. त्यांच्या गावठी अंड्यांना धुपाच्या धुरात देवीचं स्नान घातलं आणि ती उबवायला दोन खुडूक कोंबड्या रवणाला बसवल्या. शेवंती स्वतः अर्धपोटी राहिली, पण कोंबडीला कणी चुकवली नाही. टोपलीशी बसून गुणगुणायची,

"ऊब दे गं बाय, पंखाखाली ऊब,
तुझ्या पिलांमागं माझ्या कुशी कोंब."

काल गोदाच्या टोपलीत चिवचिव उठली. शेवंतीची अंडी मुकीच राहिली.

"बांध गाठोडं," सासू जनाबाई म्हणाली. "शहाडला बापाकडं जा. चंदूचं दुसरं लगीन करायचं हाय."

नवरीही ठरली होती. भगताचीच भाची!

चंदू खाली मान घालून जाळ्याचा गुंता सोडवत होता. सुटत नव्हता.

पालिकेच्या शाळेतल्या उत्तराबाई गर्दीतून पुढे आल्या. "एक अंडं फोडून बघूया का?"

"फोडशील तर वाडा बुडंल, मास्तरीण!"

"भरती काय अंड्याला विचारून येते, भगत?"

"माझं काय बुडायचं राहिलंय आता?" शेवंती म्हणाली आणि तिने अंडं ओट्यावर आपटलं.

घाण सुटली. बायांनी नाकाला पदर लावले. पण आतलं काही ओघळलं नाही. घट्ट गोळाच बाहेर पडला.

"नासलेलं कच्चं अंडं पाण्यासारखं वाहतं," बाई म्हणाल्या. "कोंबडीच्या उबेने अंडं शिजत नाही. हे तिच्याखाली जायच्या आधीच उकडलेलं होतं."

"माझ्या अंड्यांवर तर नुसतं पाणी शिंपडलेलं," गोदा चाचरली. "बापानं तुरेवाला कोंबडा दिलेला ना भगताला."

"माझी हंड्यात बुडवलेली," शेवंती हळूच म्हणाली. "आरती संपेपर्यंत."

पुढच्या बाईच्या अंड्यांसाठी तोच हंडा आजही धुपाच्या निखाऱ्यांवर, धुराआड ठेवलेला होता.

"भगत, घाला हात देवीच्या स्नानात," बाई म्हणाल्या.

"आज... आज हाताला विटाळ हाय!"

चंदू उठला. त्याने हंड्यात बोट घातलं आणि "आयला!" करून उडालाच. वाडा खदखदला. भगत घुमायचं विसरून वाट शोधू लागला.

शेवंतीला हसू आलं नाही. मुक्या अंड्यांवर अजून बसून असलेल्या कोंबडीकडे ती बघत राहिली.

"अंड्यातून पिलू यायला कोंबडाही लागतो, हे तुम्हाला मी काय सांगू?" उत्तराबाई म्हणाल्या. "मग मूल नाही म्हणून जाब एकट्या बाईलाच का? दोघंही डॉक्टरकडे जा."

जनाबाई पुटपुटली, "गाठोडं आत ने गो."

शेवंती हलली नाही. "दवाखान्यात तुमचा लेक येतोय का, ते आधी विचारा, आये."

चंदू भाजलेल्या बोटावर फुंकर घालत होता. "येतो," तो म्हणाला आणि गाठोडं त्यानेच उचललं.

बाबांनो, बायांनो, कौल कुणीही लावो. लेकीसुनेचं गाठोडं बांधण्याआधी त्याच्या हंड्यात एकदा बोट बुडवून पाहा.