कपाशीचे वाकडे शेंडे

धावड्याच्या शिवारात संकर कपाशीच्या बियाण्याचा पहिला प्लॉट घेतला तो भिवाने. शहात्तर साल असावं. जालन्याची एक बियाणे कंपनी नर आणि मादी अशा दोन वाणांची सरकी द्यायची. फुलांचा संकर शेतकऱ्याने हाताने करायचा आणि तयार झालेलं बी कंपनीला घालायचं. मोठमोठे बागायतदार सोडून हे काम बौद्धवाड्यातल्या भिवाकडे आलं ते त्याच्या बायकोमुळे. कांताबाई माहेरी असताना अशा प्लॉटवर रोजाने गेलेली होती.

संध्याकाळी ती उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायची. अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि परागाची नळी सोलून काढायची, मधला नाजूक दांडा तेवढा राखायची. सकाळी नर ओळीतलं फूल त्या दांड्यावर हलकेच फिरवायचं आणि ओळखीसाठी देठाला दोरा बांधायचा. ऊन तापलं तशी दोरा बांधलेली काही बोंडं गळायला लागली. कंपनीचे साहेब भालचंद्र प्लॉट बघायला आले, तेव्हा त्यांनी एक छोटी बाटली दिली.

"हे फवारा. बोंडं धरतील," ते म्हणाले आणि पुढच्या गावाला गेले.

भिवाकडे पंप नव्हता. बांधापलीकडचा बद्रीनाथ त्याच्यापेक्षा वयाने मोठा. एका बांधावर बसून तंबाखू मळायची दोघांची सवय बद्रीनाथच्या घरच्यांना खपायची नाही, पण तो कुणाचं ऐकायचा नाही.

"घेऊन जा की. विचारून काय राह्यला?" त्याने पाठीवरचा पंप भिवाच्या हाती दिला.

भिवाने नर-मादी सगळ्याच ओळींवर औषध मारलं.

आठवड्याभरात शेंडे मुरगळले. नवी पानं कोंबडीच्या बोटांसारखी चिरत गेली. कांताबाईने नर फूल तळहातावर घासलं, तर पिवळी भुकटी लागली नाही. खाली पडलेलं एक बोंड तिने विळ्याने चिरलं. आत बी धरलंच नव्हतं, नुसते काळे ठिपके होते. ती तिथेच सरीत बसली.

भालचंद्र साहेब आले, शेंडा हातात धरून बराच वेळ बघत राहिले.

"पंप कुणाचा?"

"माझा," बद्रीनाथ पुढे झाला. "ज्वारीतलं तण मारलं व्हतं त्यानं. पण धुतला व्हता साहेब, बराबर."

"नुसत्या पाण्याने ते जात नाही." साहेबांचा आवाज उतरला. "झाडाच्या अंगात एक द्रव्य असतं, हार्मोन म्हणतात त्याला. फूल टिकायचं की गळायचं, दाणा भरायचा की नाही, ते त्याच्यावर असतं. मी दिलेलं औषध म्हणजे त्याचीच नक्कल. तणाचं औषधही त्याचीच नक्कल, पण फार जबर. ज्वारी ते सोसते. कपाशीला त्याचा अंशही चालत नाही. पराग मरतो, बी धरत नाही."

"मंग बाटली देताना का न्हाई सांगितलं?" कांताबाईने विचारलं.

"सांगायला हवं होतं," साहेब म्हणाले. प्लॉट रद्द झाला.

गावात मात्र वेगळंच उठलं. बद्रीनाथने मुद्दाम केलं, बौद्धवाड्याची कपाशी त्याला बघवली नाही, असं भिवाच्या भावकीतले चारचौघांत बोलायला लागले. भिवा तिथेच बसलेला असायचा. खरं काय ते त्याला माहीत होतं. तो बोलला नाही.

भिवा झाडं उपटत होता तेव्हा बद्रीनाथ बांधावर आला.

"भिवा, तू तरी सांग त्यांना."

भिवाने मान वर केली नाही. "काय सांगू? गेलं तर माझंच ना."

बद्रीनाथ माघारी गेला. त्यानंतर तो बांधाकडे फिरकला नाही.

"तुमच्या तोंडाला काय झाल्तं?" कांताबाईने रात्री विचारलं. "त्या माणसाचा काय गुन्हा?"

"कुणावर तरी राग धरल्याबिगर उभं राहता येईना मला," भिवा म्हणाला.

त्या वर्षी तो जालन्याला एका तेलाच्या गिरणीत हमालीला लागला. कांताबाई दुसऱ्यांच्या प्लॉटवर फुलं बांधायला जाऊ लागली. गावी येणं कमी झालं, आणि आला तरी बद्रीनाथच्या घरावरून जाताना भिवा झपझप पावलं उचलायचा. उद्या बोलू, दिवाळीला बोलू, असं चाललं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात बद्रीनाथ तापाने गेला. भिवाला निरोप उशिरा मिळाला. तो पोचला तेव्हा दहावं उरकलं होतं. बद्रीनाथचा मोठा मुलगा कडूबा दारात उभा होता.

"त्यांनी मुद्दाम केलं न्हवतं, कडूबा," भिवा म्हणाला. "पंप त्यांनी धुतला व्हता."

कडूबाने त्याच्याकडे पाहिलं. "आता सांगून राह्यले, काका?"

आतून कुणीतरी हाक मारली आणि तो वळून गेला. भिवा अंगणात उभाच होता. बसा असं त्याला कुणी म्हणालं नाही.