तोंड समुद्राकडे

सभेत मी हात वर केला होता. पुढचं सगळं त्यामुळे झालं, म्हणून ते आधी सांगतो.

मे महिन्यात आमच्या नौका मंडळाची सभा होती. गावातलं चित्रपटगृह चालवणारी बोर्गनी मुद्दाम आली होती. व्हायकिंग आणि ड्रॅगनच्या त्या कार्टून चित्रपटाचा दुसरा भाग जूनमध्ये लागणार होता. पहिल्या खेळाआधी आमचं जहाज धक्क्यावर यावं, अशी तिची इच्छा होती. स्कार्व हे जहाज आम्ही तीस वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीने बांधलं. बारा वल्ही, एक शीड, आणि पुढे नाळेवर ड्रॅगनचं लाकडी डोकं. पाच वर्षांपूर्वी पहिला भाग लागला तेव्हाही आम्ही गेलो होतो. पण त्या वेळी डोकं उतरवून गेलो, आणि धक्क्यावरची दोन-तीन पोरं रडली होती.

डोकं उतरवलं होतं माझ्या बायकोने, गुन्वोरने. ती दर वेळी उतरवायची. जुना नियम आहे तो. आ वासलेलं तोंड उघड्या समुद्रासाठी. घरच्या किनाऱ्याकडे येताना ते काढून ठेवायचं, नाहीतर जमिनीचे राखणदार बिचकतात. गुन्वोर राखणदार मानायची असं नाही. मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, तू घरात शिरताना बूट काढतोस, ते काय घराला घाबरून काढतोस? त्यानंतर मी विचारलं नाही.

तर बोर्गनी म्हणाली, या वेळी डोकं राहू दे. मुलं ड्रॅगन बघायला येणार, त्यांना खांब काय दाखवायचा. चित्रपट कंपनीने शिंगांची प्लास्टिकची शिरस्त्राणं पाठवली होती, ती आम्हीही घालावीत असं तिने सुचवलं. हाल्गेर म्हणाला, शिंगं घालून वल्हवलं तर मागच्याचा डोळा फुटेल आणि पुढच्याला वाटेल गाय लागलीय पाठीला. सगळे हसले. शिंगांचं तिथेच मिटलं. डोक्याचं मात्र मताला टाकलं.

हाल्गेर गुन्वोरचा धाकटा भाऊ. सगळ्यात आधी हात त्याने वर केला. मग एकेक करून सगळ्यांनी. मीही केला.

गुन्वोर नोव्हेंबरमध्ये गेली. त्यानंतरच्या महिन्यांत मी इतकं बोललो होतो की मला बोलण्याचा वीट आला होता. दवाखान्यात बोललो, पाद्रीबुवांशी बोललो, केक घेऊन दारात आलेल्या प्रत्येकाशी बोललो. नंतर लोकांना टाळायला लागलो. दुकानात सकाळी उघडताच जायचो, म्हणजे कुणी भेटत नसे. सभेत हात वर करणं म्हणजे न बोलता सुटका होती, म्हणून केला.

घरी आल्यावर कळलं मी काय केलं ते. तिचे कोट चर्चला दिले होते. तिचा विणायचा माग तिच्या भाचीकडे गेला होता. घरातल्या वस्तू वस्तूच असतात. पण गावात, सगळ्यांच्या देखत, तिचं म्हणून चालू असलेलं एवढं एकच काम उरलं होतं, आणि तेही मी नुसता हात वर करून देऊन टाकलं होतं.

बोर्गनीला फोन करावा असं रोज वाटायचं. केला नाही. ठरलेलं मोडायचं तर कारण सांगावं लागतं.

खेळाच्या आठवडाभर आधी बोर्गनीला फोटो हवे होते, म्हणून हाल्गेर आणि मी डोकं चढवलं. मानेचा खालचा भाग नाळेच्या खाचेत उतरवायचा आणि आडवी ओकची पाचर ठोकायची. दोन माणसांचं काम. आम्ही फारसं न बोलता ते केलं. फोटो झाले. मग सात दिवस पाऊस.

शनिवारी उघडलं. दुपारी एकला आम्ही बेटाच्या मागच्या बाजूने निघालो. मी सुकाणूवर, म्हणजे जहाजाच्या अगदी मागे. वल्हवणारे नाळेकडे पाठ करून बसतात, त्यामुळे बाराही तोंडं माझ्याकडे. शाळेतली शिक्षिका योरुन नाळेजवळच्या वल्ह्यावर बसली होती. गुन्वोरच्या जागी. कुणीतरी बसायलाच हवं होतं.

दीपस्तंभाचा खडक ओलांडला की खाडी वळते आणि गाव दिसतं. तिथे आलं की मी वल्ही थांबवायला सांगायचो आणि गुन्वोर उठून डोक्याकडे जायची. इतकी वर्षं तसंच. त्या दिवशी ठरवून काही केलं नाही. खडक आला आणि माझ्या तोंडून गेलं, "थांबवा."

वल्ही थांबली. जहाज थोडं पुढे घसरत राहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. लांब धक्क्यावर रंगीत ठिपके दिसत होते, ती मुलं.

"काय झालं?" हाल्गेरने विचारलं. तो माझ्या सगळ्यात जवळच्या वल्ह्यावर होता.

"डोकं काढतो."

"आस्लाक, सभेत हात वर केला होतास ना?"

"केला होता."

"मग?"

"बोलायचा कंटाळा आला होता तेव्हा."

त्याने वल्ह्यावर हात टेकले. मग खाली बघत म्हणाला, "मी तुझ्यासाठी केला होता. म्हटलं, ते काम दुसरं कुणी करताना बघायला नको तुला."

मी सुकाणू त्याच्या हातात दिलं, पेटीतून लाकडी हातोडा काढला आणि माणसांच्या मधून पुढे गेलो. योरुन उठली. तिने ड्रॅगनची मान दोन्ही हातांनी धरली. मी पाचरीवर हातोडा मारला.

पाचर हलली नाही. पुन्हा मारला. खालून मारला, बाजूने मारला. उभ्या झाडावर मारावा तसा आवाज येत होता. मी पाचरीवर बोट फिरवलं आणि थांबलो.

गुन्वोर डोकं चढवायच्या आदल्या संध्याकाळी पाचरीला मेंढीची चरबी चोळायची. स्वयंपाकघरात, वर्तमानपत्र पसरून. मग दोन दिवस तिच्या हातांना वास यायचा आणि मी तक्रार करायचो. मंडळातल्या कुणाला हे माहीतही नव्हतं. माहीत होतं ते मला एकट्याला. मी कोरडी पाचर ठोकली, त्यावर आठवडाभर पाऊस पडला, आणि ओक फुगून बसला होता. आता तो हातोड्याने निघणार नव्हता.

मागून कुणीतरी म्हणालं, करवत आहे. पेटीत करवत होती. पण पाचर कापली तरी खाचेतली मान फुगलेलीच. मान कापावी लागली असती.

मी खाली बसलो, फळ्यांवर. मला खरंच उठावंसं वाटेना. योरुनने मान सोडली आणि माझ्याशेजारी बसली. ती म्हणाली, असंच गेलो तरी कुणी काही म्हणणार नाही, उलट खूश होतील. ते खरंच होतं. कुणीच काही म्हणालं नसतं. मागे राहिलेल्या माणसाला कुणी काही म्हणत नाही.

ओहोटी लागली होती. जहाज हळूहळू फिरत होतं, कारण वल्ही उचललेली होती आणि सुकाणू हाल्गेरच्या काखेत होतं, आणि त्याचं त्याकडे लक्ष नव्हतं. गाव नाळेसमोरून सरकलं, मग बाजूला आलं. डोक्याच्या समोर आता खुलं पाणी होतं. मी ते बघितलं. स्कार्वला पुढचं आणि मागचं टोक सारखंच आहे. अरुंद जागेतून बाहेर पडताना आम्ही ते उलटं काढतो, वीस-तीस हात. त्यापेक्षा जास्त कधी नाही.

मी परत मागे गेलो आणि हाल्गेरला सांगितलं की आपण उलटे जाऊ. मागचं टोक पुढे, डोकं समुद्राकडे.

"किती? धक्क्यापर्यंत?"

"धक्क्यापर्यंत."

"ओहोटीत?"

"हो."

तो गावाकडे बघत राहिला. अर्धा मैल तरी होतं. वल्ही दोरीच्या पट्ट्यांनी बांधलेली असतात, आणि उलटं ओढलं की सगळा जोर पट्ट्यांवर येतो. तो म्हणाला, पट्टे तुटतील. मी म्हणालो, तुटतील. तो म्हणाला, माझी पाठ त्याच्याआधी तुटेल. मी म्हणालो, ज्याला नको त्याने वल्हं उचलून बसावं, मी रागावणार नाही.

"तू कधी रागावतोस," हाल्गेर म्हणाला. "तुझ्या वाटचं तीच रागवायची." मग तो उठला, बसायच्या पेटीवर उलटा फिरून बसला आणि बाकीच्यांना ओरडून म्हणाला, "फिरा रे सगळे. ढुंगण ड्रॅगनकडून काढून आस्लाककडे करा."

हसत, कुरकुरत, वल्ह्यांना वल्ही आपटत सगळे फिरले. कुणीही वल्हं उचलून बसलं नाही. पण अवघड गेलं. जहाज सरळ चालेना, ओहोटी मागे ओढत होती, आणि पहिली दहा मिनिटं खडक तिथल्या तिथेच दिसत होता. दोन पट्टे तुटले. त्या वल्ह्यांवरच्या दोघांनी शेजाऱ्यांच्या वल्ह्यांना हात लावला. फक्त श्वास ऐकू येत होते. ही माणसं काही तरुण नाहीत. योरुन सोडली तर बहुतेक साठीच्या पुढची.

उलटं जाताना सुकाणूचा उपयोग नसतो. मी ते वर ओढून आत ठेवलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात काहीच नाही. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. मी जहाजाच्या टोकाला उभा होतो आणि तेच टोक आता गावाकडे चाललं होतं. नेहमी मी शेवटी पोचायचो, शिडाच्या आणि माणसांच्या आड. आज मी सगळ्यांच्या आधी चाललो होतो. ज्यांना मी नोव्हेंबरपासून टाळत होतो ते सगळे धक्क्यावर उभे होते, आणि मला वळायला जागा नव्हती.

मुलांचा गलका आधी ऐकू आला. त्यांना डरकाळ्या फोडायला शिकवून ठेवलं होतं. आम्ही जवळ आलो तशा त्या विरत गेल्या. बोर्गनीच्या हातात कर्णा होता. ती त्यात म्हणाली, "आणि आता येत आहे आपलं...", आणि थांबली. मी दोर फेकला. तो पाद्रीबुवांनी पकडला, त्यांना तो बांधता येत नव्हता, म्हणून दुकानातल्या बाईने घेतला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आस्लाक, किती वाळलायस रे." एवढंच. त्यावर मला बोलावं लागेल असं काही नव्हतं, आणि ते बरं वाटलं.

बोर्गनी काठावर आली. चेहरा लाल झाला होता. तिने हळू आवाजात विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं की डोकं निघालं नाही, आणि ते किनाऱ्याकडे तोंड करून आणायचं नव्हतं. तिने विचारलं, आणि फोटो? फोटोत काय येणार, तुझं थोबाड? मी म्हणालो, तेवढंच आहे. पाच वर्षांपूर्वी ती गुन्वोरशी याच जागी भांडली होती, चांगलं कडाक्याचं. मग तिने कर्ण्यात सांगितलं की ज्यांना ड्रॅगनचं तोंड बघायचंय त्यांनी रांगेने धक्क्याच्या टोकाशी जावं आणि तिथून मागे वळून बघावं.

मुलं गेली. शिंगांची एक लांब रांग. एक मुलगी मात्र माझ्यापाशीच थांबली, आठ-नऊ वर्षांची, शिरस्त्राण हातात धरून.

"तो रुसलाय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग आपल्याकडे का बघत नाही?"

"तो बाहेर लक्ष ठेवतोय."

तिने विचार केला. "आणि आपल्याकडे कोण लक्ष ठेवतं?"

मला ते माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. ती जरा नाराज होऊन बाकीच्यांच्या मागे पळाली.

नंतर शाळेतल्या मुलांच्या आयांनी कॉफी आणि लोणी-साखर लावलेले स्वेले, म्हणजे जाडसर गोड पॅनकेक, दिले. वल्हवणारे धक्क्यावर पाय सोडून बसले, कुणाच्या तळहाताचं कातडं गेलेलं, हाल्गेर तर उताणा पडला होता. मग सगळ्यांना फुकट चित्रपट. मी कडेच्या खुर्चीत बसलो. पहिल्या भागात ड्रॅगन शत्रू होते आणि शेवटी मित्र झाले, एवढं मला आठवत होतं. आता मैत्री झाल्यावर पुढे रोज एकत्र राहायचं कसं, यावर चित्रपटातल्या गावात वाद चालला होता. तेवढं बघितलं आणि मला झोप लागली. दिवे लागले तेव्हा जागा झालो. इतका सलग मी कित्येक महिन्यांत झोपलो नव्हतो.

जहाजाचे दोर सैल करायला गेलो, पाणी उतरलं होतं. डोकं अजून तसंच, बाहेर तोंड करून. लाकूड वाळायला चार-पाच दिवस लागतील, मग बघू. दोर नीट करून घराकडे निघालो. चढावर अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात सगळं जुळवत चाललोय: आधी पाचर सांगायची, मग हाल्गेरची पाठ, मग बोर्गनीचा कर्णा. गुन्वोरला सांगायला. तिला बोर्गनीचा भाग फार आवडला असता.

मी तिथेच उभा राहिलो थोडा वेळ. घर वर दिसत होतं. मग खाली उतरलो आणि हाल्गेरकडे गेलो. तो कोचावर पाठीखाली उशी घेऊन पडला होता. त्याने हाताने खुर्ची दाखवली. मी बसलो आणि त्याला सुरुवातीपासून सगळं सांगितलं, खडकापाशी काय झालं, पाचर कशी फुगली होती, कोण काय म्हणालं. तो स्वतः तिथे होता. तरी त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि बोर्गनी कर्ण्यात थांबली तिथे आलो तेव्हा म्हणाला, "बरं, मग?"