शेवटचा ठोकळा

"अण्णा, मागं व्हा की! दोराच्या आत यायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

गळ्यात शिट्टी अडकवलेल्या स्वयंसेवकानं मासिलामणीच्या छातीवर चक्क हात ठेवला. खांद्यावर चिंचेच्या लाकडाचा ठोकळा, गुडघ्यापर्यंत वर खोचलेली वेष्टी, आणि आपल्याला अडवतंय कोण, तर हा!

"अरे, मी मुट्टुक्कट्टैवाला," मासिलामणी म्हणाला. "रथ मी थांबवतो."

"यंदा ब्रेक बसवलाय, अण्णा. लोखंडी. व्हा मागं."

देवळाचा रथ ओढायला सगळा गाव असतो. थांबवायला मासिलामणी. फिरत्या चाकापुढं वाकून ठोकळा, म्हणजेच मुट्टुक्कट्टै, सरकवायचा आणि बोटं शाबूत असतानाच हात मागं घ्यायचा, हे त्याच्या बापापासून चालत आलेलं काम. रथ चालला की देवाची कृपा, अडला की मासिलामणीच्या नावानं शिव्या. गावात कुणी कुणाचं लग्न मोडलं तरी लोक म्हणतात, मुट्टुक्कट्टै घातली. घरी त्याची बायको सोर्णम हेच ऐकवायची. "थोरलीला शिवण शिकायचं होतं, तुम्ही ठोकळा घातलात. धाकटीला मदुरैला नर्स व्हायचं होतं, तिथंही ठोकळा. जन्मभर दुसरं केलंत काय?"

पण वर्षातून एकदा रथ फिरून आपल्या मुक्कामाच्या जागी यायचा, शेवटचा ठोकळा मासिलामणी घालायचा, नादस्वरम वाजायचं आणि देवाच्या अंगावरचं रेशमी वस्त्र पुजारी त्याच्या डोक्याला बांधायचे. तेवढ्यासाठी तो उरलेलं वर्ष शिव्या खात होता. आजही सकाळी डोक्याला तेल चोपडून, नीट भांग पाडून तो आला होता.

रथ मुक्कामाशी आला. आता घसरेल, आता मंडपाच्या खांबाला घासेल, असं मासिलामणी मनात म्हणत राहिला. खरं तर तसं व्हावं असंच त्याला वाटत होतं, आणि देवाच्या रथाबद्दल असं वाटावं याची स्वतःचीच चीड येत होती. चाकाशी बसलेल्या माणसानं दांडा ओढला. रथ उभा राहिला. धक्का नाही, हिसका नाही, कळसाची साधी घंटाही वाजली नाही. इतकं सुरेख मासिलामणीला कधीच थांबवता आलं नव्हतं.

"मासिलामणी! या, या, पुढं या!" विश्वस्त ज्ञानसंबंदम दोराआडून हाका मारत होते. "विसरलो नाही हो तुम्हाला. चाकाखाली तेवढा ठोकळा ठेवा, फोटो काढू, मग वस्त्र बांधू."

"रथ तर थांबला, अय्या."

"थांबला हो! पण रीत म्हणून ठेवायचा. लोकांना बरं वाटतं."

मासिलामणी वाकला. त्यानं ठोकळा चाकाखाली ठेवला. हात मागं घ्यायची काही घाई नव्हती.

"अण्णा, जरा हसा," फोटोवाला म्हणाला.

तिथं त्याचं डोकं फिरलं. त्यानं ठोकळा काढला आणि खांद्यावर टाकला. "उभ्या रथाला काय अडवायचं? ज्यानं थांबवला त्याच्या डोक्याला बांधा."

"हे बघा! चांगल्या कामात खोडा घालायची सवयच आहे यांना," विश्वस्त वैतागले.

तो तळ्याकडच्या उताराला लागला तेव्हा मागं नादस्वरम सुरू झालं. म्हणजे वस्त्र बांधलं जात होतं. त्याचा हात आपसूक डोक्याकडे गेला. बोटांना नुसतं तेल लागलं. त्याला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

"अय्यो! धरा, धरा कुणीतरी!"

पच्चैयम्मा भाजीवालीची हातगाडी उतारावरून सुटली होती. मासिलामणी वाकला, ठोकळा सरकवला, हात मागं घेतला. गाडी धडकून थांबली. चार वांगी तेवढी घरंगळत गेली.

"तुम्ही होय, अण्णा?" ती धापा टाकत आली. "राहू द्या तो तिथंच. एवढी गिऱ्हाइकं आवरते."

"किती वेळ?"

"थांबा की जरा! तुम्हाला आज कसली एवढी घाई?"

घाई कसलीच नव्हती. तो तळ्याच्या पायरीवर बसला. रथ बघून परतणारे लोक गाडीशी थांबत होते, शेंगा मोडून बघत होते, भावावरून भांडत होते. ठोकळ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. गाडी जागची हलत नव्हती. अंधारून आलं तरी पच्चैयम्माची भाजी संपली नव्हती, आणि मासिलामणी बसून होता.