आजन्म बंदी

अकोल्याच्या संघाची लेखी तक्रार मंगळवारी आली आणि गुरुवारी संध्याकाळी बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागातल्या क्लबच्या खोलीत चौकशी बसली. साल छप्पन्न. पुढच्या महिन्यात नवी राज्यं होणार होती. अकोला मुंबईकडे जाणार, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहणार. निकाल लांबवून चालणार नव्हतं.

तक्रार एवढीच की फुटबॉलच्या फायनलमधला एकमेव गोल वामनने हाताने केला.

वामन जवळच्या निंबोला गावचा. खेळ चांगला म्हणून कापडगिरणीने त्याला घेतलं होतं. कागदावर तो मागावरचा कामगार, पण पगार त्याला मैदानावरच्या पायांचा मिळायचा. आता तो दाराशी उभा होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

"आजन्म बंदी," क्लबचे अध्यक्ष नंदकुमार वकील म्हणाले. "अकोल्याचे लोक आपल्या गावाला लबाडांचं गाव म्हणत परत गेलेत."

"वकीलसाहेब, बंदी घातली का गिरणी त्याले ठेवणार नाही," कडू म्हणाला. चौकशीला बसलेला तो दुसरा, एकेकाळचा नावाजलेला बचावपटू. "मी वीस साल खेळलो. किती जणांचे शर्ट ओढले. मले कोणी रोजीवरून काढलं नाही."

"शर्ट ओढून तू फायनल जिंकली नाहीस."

"मंग सजा गलतीची का निकालाची?"

वकिलांनी वामनकडे पाहिलं. "हात लागला?"

"लागला."

"मुद्दाम?"

वामनने आपल्या हाताकडे पाहिलं. "उडी मारली तवा हात वर होता. मुद्दाम होता का नाही, मलेच सांगता येत नाही. शिटी वाजली, सगळे अंगावर पडले. मंग मी चूप राहिलो."

"चूप राहिलास, तीच लबाडी," वकील म्हणाले आणि श्रीकांत मास्तरांकडे वळले. त्या दिवशी रेषेवर झेंडा घेऊन मास्तरच होते. "तुमच्या जागेवरून दिसलं नसेल. तसं लिहूनच ठेवलंय, फक्त सही करा."

मास्तरांनी कागद जवळ ओढला. सही केली की त्यांचं काम संपणार होतं. शाळेत, ते राहत त्या लोधीपुऱ्यात कुणी काही विचारणार नव्हतं. त्यांनी टाक उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मला दिसलं होतं," ते म्हणाले.

कडूने मान वर केली.

"हात स्पष्ट दिसला. झेंडा वर करायला हवा होता, मी केला नाही. आपलं गाव जिंकावं असं वाटलं." मास्तरांनी कागद वकिलांकडे सरकवला. "वामनने क्षणात केलं. मला विचार करायला वेळ होता. चूप राहणं ही लबाडी असेल, तर आजन्म बंदी आधी मला घाला."

वकिलांनी तो कागद फाडला. मग वकील आणि कडू यांची तासभर वादावादी झाली, आणि निकाल असा लिहिला गेला: सामना रद्द, अकोल्यात जाऊन पुन्हा खेळायचं. वामनला सहा महिने बंदी. मास्तरांनी दोन वर्षं पंच म्हणून उभं राहायचं नाही. वामनला कामावर ठेवावं, अशी गिरणीला विनंती. ही शेवटची ओळ कडूने हट्टाने घालायला लावली.

बाहेर रस्त्यावर वामनने मास्तरांना गाठलं. ते त्याच्या आभाराची वाट पाहत होते.

"मास्तर, तुम्ही तवाच झेंडा वर केला असता तर बरं होतं," तो म्हणाला. "नुसता गोल गेला असता. आता निंबोल्यात माह्या बापाले लोक काय म्हणतील?"

दोघं चौकापर्यंत चालत गेले आणि तिथून वेगळे झाले.

अकोल्यात बुऱ्हाणपूर दोन गोलांनी हरलं. गिरणीने वामनला ठेवलं, पण खऱ्याखुऱ्या मागावर उभं केलं. एप्रिलअखेर तो पुन्हा मैदानात उतरला, तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "हात खाली ठेव रे." वामनने तिकडे पाहिलंही नाही. त्या दिवशी त्याला गोल करता आला नाही, पण शेवटच्या शिटीपर्यंत तो धावत राहिला.