आधी थांब, मग हान

"दोनच तर शब्द हायेत," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "'तुयं खरं.' म्हनाचं अन् मोकळं व्हाचं."

नारायणराव वांग्यांच्या पिशवीचं तोंड बांधत होते. फौजेत सतरा वर्षं काढलेला माणूस, उणे तीस अंशांत पहारा दिलेला. पण ह्या दोन शब्दांनी त्यांना घाम फोडला होता, आणि तोही जानेवारीच्या सकाळी.

"बसमधी पाठ करतो," ते म्हणाले.

"पाठ कायचं करता? मायापुढं म्हनून दाखवा एकदा."

"तुयं..." नारायणराव म्हणाले आणि त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन होईपर्यंत बुलढाण्याची एसटी दुसरबीडच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. दुसरा शब्द घरीच राहिला.

हे शब्द ज्यांना म्हणायचे होते ते माणिकराव रोहिणखेडला राहत. दोघं एकाच तुकडीत होते, लडाखात तीन हिवाळे एकाच तंबूत झोपले होते, आणि गेली चार वर्षं एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते. भांडण बांधावरून नव्हतं की पैशावरून नव्हतं. भांडण होतं नुर्बूच्या गोलावरून.

त्यांची तुकडी रसद पोचवायची आणि मुक्काम चुमिक नावाच्या गावाशेजारी असायचा. आपल्याकडं तळं आटतं, तिथं गोठतं. तळं गोठलं की चुमिकची माणसं त्यावर हॉकी खेळायची. फौजेनं टाकलेल्या बुटांना खाली गावच्या लोहारानं लोखंडी पाती ठोकलेली. चेंडू नाहीच, टायर कापून केलेली काळी चकती. असा तो संघ त्या तीन हिवाळ्यांत एकोणीस सामने खेळला आणि एकोणीसच्या एकोणीस जिंकला.

हे दोघं मात्र कधी खेळले नाहीत. माणिकराव एकदा बर्फावर उतरले होते, ते बसूनच परत आले. दोघांचं काम ओरडण्याचं. नारायणरावांचं मत असं की चकती काठीला लागली की फार अक्कल लढवू नये. "हान बे! हान!" माणिकरावांचं मत असं की समोरच्याला आधी चुकू द्यावं. "थांब बे! थांब!" एकोणीस सामने हे दोघं शेजारी उभे राहून एकमेकांच्या विरुद्ध ओरडले.

एकोणिसावा सामना फायनलचा होता. दोन-दोन अशी बरोबरी, शेवटचं मिनिट, आणि पाच फुटी नुर्बू चकती घेऊन एकटाच गोलकीपरसमोर. इकडून हान, तिकडून थांब. नुर्बू अर्धा क्षण थबकला, गोलकीपर आडवा झाला, आणि नुर्बूनं चकती त्याच्या अंगावरून उचलून जाळीत घातली. आता हा गोल 'हान'मुळे झाला की 'थांब'मुळे? नुर्बूला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, हा मुद्दा दोघांपैकी कोणीही कधी विचारात घेतला नाही.

पंचवीस वर्षं हा वाद मजेत चालला. मग माणिकरावांच्या सारिकाच्या लग्नात, भर पंगतीत, नव्या व्याह्यांसमोर नारायणराव बोलून गेले, "ह्या माणक्याचं आयकलं असतं तर चुमिक अजूनही थांबूनच असतं! हा जल्मभर थांबतच आला." पंगत हसली. व्याही सगळ्यांत जास्त हसले. माणिकरावांनी हातातलं बुंदीचं ताट खाली ठेवलं आणि ते आत निघून गेले. त्या दिवसापासून फोन बंद.

आणि बुधवारी अचानक चुमिकचा तेव्हाचा कॅप्टन रिगझिन ह्याचा फोन आला. "नारायण-ले! चुमिक फिर फायनल में! इतवार, साढ़े बारह बजे. मोबाइल पे दिखेगा." नारायणराव वांग्यांच्या वाफ्यात उड्याच मारायला लागले. मग रिगझिननं विचारलं, "माणिक-ले साथ में है ना?"

"हाँ हाँ," नारायणराव म्हणाले, "साथ में ही है."

ही थाप त्यांना चार दिवस टोचत राहिली. पण थाप नसती तरी ते निघालेच असते. एकट्यानं सामना बघायचा ह्या कल्पनेनंच त्यांचं तोंड कडू होत होतं. शेजारी थांब म्हणणारा कोणी नसेल, तर हान म्हणायचं तरी कोणासाठी? माणिक्याची इतकी आठवण येत असेल हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

बसमध्ये ते पाठ करत बसले. तुयं खरं. तुयं खरं. चिखली गेलं तेव्हा शेजारच्या बाईनं "माझं काय खरं?" म्हणून विचारलं आणि उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

अकरा वाजता बुलढाण्याच्या स्टँडवर उतरून ते रोहिणखेडची गाडी शोधायला लागले. ती गाडी नुकतीच घाट चढून येऊन उभी राहिली होती. माणसं उतरत होती. त्यात खांद्यावर ओल्या हरभऱ्याची जुडी घेतलेला एक उंच म्हातारा होता. तो खाली उतरला, त्यानं समोर पाहिलं, आणि पाय तिथंच रोवला.

"तू कुठी चालला बे?" नारायणरावांच्या तोंडून निघून गेलं.

"दुसरबीडले," माणिकराव म्हणाले. मग रागानं म्हणाले, "रिगझिनले सांगून बसलो ना, तू सोबत हायेस म्हनून."

नारायणरावांना हसू दाबता दाबेना. "मी बी तेच सांगतलं त्याले."

माणिकराव हसले नाहीत. पण त्यांनी हरभऱ्याची जुडी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. नारायणरावांनी तोंड उघडलं, "तुयं..." आणि ऐन वेळी कंडक्टरनं शिट्टी मारली. शब्द पुन्हा घशातच.

कोणाच्याच घरी वेळेत पोचणं होणार नव्हतं, म्हणून दोघं स्टँडबाहेरच्या दयारामच्या चहाच्या हॉटेलात बसले. मोबाइल बिस्किटांच्या बरणीला टेकवला. साडेबाराला अजून तासभर होता. चहा आला, संपला. दोघंही मोबाइलच्या काळ्या काचेकडं बघत होते.

"तुंडुप," नारायणराव शेवटी मोबाइललाच म्हणाले.

तुंडुप म्हणजे चुमिकचा तेव्हाचा गोलकीपर. मग माणिकराव म्हणाले, "पायाले गोधडी बांधे."

"दोन गोधड्या!"

"एक. दुसरी पोटाले."

"हाव, पोटाले! अन् चकती तिच्यातच घुसून बसली त्या दिवशी. सारा गाव चकती धुंडून राह्यला..."

"...अन् हा बाबा उभ्या उभ्या खाजवून राह्यला!"

बांध फुटला. दोघं एकमेकांचं वाक्य तोडत, टेबल बडवत बोलायला लागले. नव्याकोऱ्या वर्दीतला, बँड घेऊन आलेला तो संघ, नऊ-शून्य हरला आणि बँड न वाजवता गेला. रिगझिन समोरच्या खेळाडूच्या घरची खुशाली विचारता विचारता त्याची चकती काढून न्यायचा. एकदा बर्फाला तडा गेल्याचा आवाज झाला, दोन्ही संघ पळाले, आणि नुर्बूनं मात्र पळता पळता गोल करून घेतला. दयाराम चहा गाळायचा थांबला. दोन कंडक्टर येऊन बाकावर बसले.

"अन् ते 'ले'?" माणिकराव म्हणाले.

ते 'ले' म्हणजे कहरच होता. लडाखात मान द्यायचा तर नावापुढं 'ले' लावतात. तुकडीतले पुण्याचे एक साहेब ह्या दोघांच्या मले-तुलेला हसायचे, नक्कल करायचे. पण चुमिकला गेल्यावर रिगझिन म्हणाला होता की असे अदबीचे लोक आपण पाहिले नाहीत, हे सगळ्यांना 'ले' लावतात, त्याले, तिले, अगदी खेचरालेसुद्धा!

"आयुष्यात एकदाच आपल्या बोलीले सलाम भेटला," नारायणराव म्हणाले. माणिकरावांनी मान हलवली आणि दोन चहा सांगितले.

साडेबाराला काच उजळली. आता तळं नव्हतं, कठडे लावलेलं मैदान होतं, पोरांच्या डोक्याला हेल्मेट, पायात चकचकीत स्केट. पण चुमिकचा लाल स्वेटर तेव्हाचाच. नारायणरावांच्या अंगावर काटा आला. आणि मग गर्दीचा आवाज ऐकू आला. डाव्या बाजूचे लोक एका सुरात काहीतरी ओरडत होते, उजवे त्याला उत्तर देत होते.

"तम्बे! तम्बे! तम्बे!"

"आन्बे!"

नारायणरावांनी मोबाइल कानाला लावला. माणिकरावांनी तो ओढून स्वतःच्या कानाला लावला. मोबाइलमधला निवेदक हिंदीत सांगत होता की हा चुमिकचा जुना नारा आहे, ह्याचा अर्थ कोणालाच माहीत नाही, म्हातारी माणसं म्हणतात की कोणी दोन फौजी भाऊ हा मंत्र देऊन गेले. आधी 'तम्बे' म्हणायचं, मग 'आन्बे'. उलटं म्हटलं तर गोल होत नाही.

दोघं एकमेकांकडं बघतच राहिले. दोन म्हाताऱ्या फौजींचे डोळे भरले होते आणि दोघांनाही त्याची लाज वाटत नव्हती.

"फौजी भाऊ," माणिकराव पुटपुटले. मग एकदम उसळले, "आधी थांब! आयकलं ना बे? आधी थांब!"

"अन् गोल कायच्यावर होते? हानवर!"

कंडक्टर हसायला लागले. मग कोणी समजावून न सांगता हॉटेलात दोन पार्ट्या पडल्या. दयाराम थांबकडं, कंडक्टर हानकडं. चिखलीची गाडी सुटायची वेळ झाली तरी तिचा कंडक्टर जागचा हलेना, ड्रायव्हर त्याला बोलवायला आला आणि तोही बसला. चुमिकनं एक गोल केला, समोरच्यांनी दोन केले, चुमिकनं पुन्हा एक. दोन-दोन. अगदी तेव्हासारखं. शेवटचं मिनिट लागलं आणि लाल स्वेटरचा सात नंबर चकती घेऊन सुटला. "नुर्बू का बेटा!" निवेदक किंचाळला. पोरगा एकटाच, समोर गोलकीपर.

नारायणराव बाकावर उभे राहिले. छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि ओरडले,

"थांब बे! थांब!"

त्याच क्षणी शेजारून गर्जना झाली, "हान बे! हान!"

आणि चित्र अडकलं. काठी वर, पोरगा वाकलेला, काचेवर चक्री गरगर फिरतेय. आवाज तेवढा चालू होता. तम्बे, तम्बे, तम्बे... मग काही क्षण चिडीचूप... आणि मग असा जल्लोष की बरणी हलून मोबाइल पालथा पडला.

गोल! हॉटेलात नाच सुरू झाला. कंडक्टरनं दयारामला उचललं. पण हे दोघं बाकाजवळ तसेच उभे होते.

"तू काऊन थांब म्हनलं बे?" माणिकरावांनी विचारलं.

चार वर्षं माणिक्या बोलत नव्हता, म्हणून त्याच्या वाटचंही नारायणराव मनातल्या मनात स्वतःच बोलत आले होते. ते आज बाहेर आलं होतं. "अन् तू हान?"

"मी बी तसंच," माणिकराव हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी नारायणरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "नारायन, तुयं खरं होतं. हानाचंच असते बे. थांबून थांबून चार वर्षं वाया घातले."

नारायणरावांना भडभडून आलं. त्यांनी माणिकरावांना घट्ट मिठी मारली, आणि मिठीतच त्यांच्या ध्यानात काहीतरी आलं.

तेवढ्यात पालथा मोबाइल वाजला. अन्नपूर्णाबाई होत्या. "भेटले का? म्हनले का ते दोन शब्द?"

"मी म्हननारच होतो," नारायणराव तावातावानं म्हणाले. "त्यानंच आधी म्हनून टाकले. पन ते चूक हाय ना वं! पोरगा थांबला म्हनून तर गोल झाला!"

"थांबला? कोन पाह्यलं बे?" माणिकराव मोबाइलमध्ये तोंड घालून ओरडले. "त्यानं सरळ हानला!"