मायचा दिवस मांडणारे भास्करराव

भास्करराव वकिलांचा आवाज पौषातल्या उन्हासारखा होता. अंगावर आल्याचं कळायचं नाही, पण आतला गारठा हळूहळू उतरायचा. तुरीच्या शेंगा भरू लागल्या, आमच्या दुसरबीडच्या शिवारावर सकाळचं धुकं रेंगाळू लागलं, की तो आवाज मला अजूनही ऐकू येतो. उंच, किंचित वाकलेली देहयष्टी, काळ्या कोटाखाली धुवट धोतर, आणि समोरचा बोलू लागला की आपसूक डावीकडे झुकणारी मान. ऐकणं हेच त्यांचं खरं व्रत होतं. वकिली त्याच्या मागून आलेली.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि आमच्या गावावरून जाणाऱ्या सडकेवर ट्रकांची वर्दळ वाढू लागली होती. त्याच सडकेच्या कडेने, डोक्यावर मेथीची टोपली घेऊन बाजाराला निघालेल्या माझ्या मायला एका ट्रकने उडवलं. ती जागीच गेली. मी तेव्हा सातवीत होते, धाकटा भाऊ अजून बोबडं बोलत होता.

मामाने बाबांना चिखलीला भास्कररावांकडे नेलं आणि नुकसानभरपाईचा दावा लागला. अशा दाव्यात, गेलेलं माणूस जगलं असतं तर पुढे किती वर्षं कमावलं असतं आणि त्यातून घराला काय मिळालं असतं, याचा अंदाज मांडावा लागतो. ट्रकमालकाच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं: शेत नवऱ्याचं, भाजीचे पैसे नवऱ्याचे, बाईला कमाईच नव्हती, तर नुकसान कसलं? इकडे गावातही कुजबुज सुरू झाली. ‘बायकोचे पैसे करून राह्यला,’ असं कुणीतरी पारावर म्हटलं आणि ते बाबांच्या कानी आलं. बाबा खचले. दावा मागे घेतो, असं सांगायला ते चिखलीला गेले. भास्कररावांनी वाद घातला नाही. “रविवारी तुमच्या शेतावर येतो. मग ठरवू,” एवढंच ते म्हणाले.

ते एसटीतून उतरून बांधाबांधाने चालत आले. मायच्या हातची मेथी फुलावर जाऊन वाळली होती, वांग्यांची झाडं माना टाकून उभी होती. भावाला कडेवर घेऊन मी पाण्याची बादली ओढत होते. ते विहिरीजवळच्या दगडावर टेकले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, “पाटील, त्या दिवसभर काय करायच्या?”

“काही नाही जी. घरीच राहे,” बाबा म्हणाले.

“बरं. सकाळी उठल्यावर?”

“उठे, सडा घाले, भाकरी टाके. मंग इकडं ये, वाफ्याले पाणी दे. खुरपे. भाजी तोडे, जुड्या बांधे, बजारात जाये. आली का लेकरायले जेवू घाले, म्हशीचं पाहे, मंग परत...”

बाबा मध्येच थांबले. वाळलेल्या वाफ्यांकडे पाहत ते खाली बसले आणि त्यांनी उपरणं तोंडाशी धरलं. “मले हे कधी दिसलंच नाही, साहेब.”

भास्कररावांनी त्यांना रडू दिलं. वाऱ्याने तुरीच्या वाळक्या पानांत उठलेली सळसळ विरली, तेव्हा ते बोलले: “हे दान नाही, पाटील. तुम्ही बायकोचे पैसेही करत नाही. त्यांच्या कष्टांवर हे घर चालत होतं. ते कष्ट थांबले, तेवढंच आपण मागतो आहोत.”

बुलढाण्याच्या कोर्टात त्यांनी मायचा एक अख्खा दिवस न्यायाधीशांपुढे उभा केला. खुरपणाऱ्या बाईची मजुरी, बाजारातले भाव, घर सांभाळायला ठेवावी लागेल अशा बाईचा पगार, सगळं शांतपणे, जराही आवाज न चढवता. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने बाबांना विचारलं, “तुमची बायको घरीच असायची ना?”

“हाव साहेब,” बाबा म्हणाले, “ते घरी राहे, म्हणून तर घर राहे.”

मागितली त्याहून रक्कम कमी मिळाली. पण निकालात मायचे कष्ट ही कमाई मानली गेली, आणि त्या पैशावर मी चिखलीला राहून शिकले, शिक्षिका झाले. भाऊही आपल्या पायांवर उभा राहिला. बाबा पाया पडायला वाकले, तेव्हा भास्करराव मागे सरले. “माझी फी मला मिळाली,” ते म्हणाले. “साक्ष तुमची होती.” भास्करराव शेतावर आले, त्या हिवाळ्यानंतर बाबा बदलले. मी चुलीपुढे असले की ते पाण्याची घागर स्वतः भरून आणत, आणि म्हणत, “बस जराशी, बाई.” आमच्या घरात हे वाक्य त्याआधी कुणी कुणाला म्हटलेलं मला आठवत नाही.

भास्करराव गेले, बाबा गेले. मायचा चेहराही काळाने आता पुसट केला आहे. कितीही डोळे मिटले तरी तो पुरता उमटत नाही. पण तिचे हात दिसतात, ओल्या मातीत बुडालेले, जुडीला गाठ मारणारे. आणि काळाने एवढं नेल्यावरही ते माझ्यापाशी उरले, हे ऋण एका परक्या माणसाच्या ऐकण्याचं आहे.